स्कॅन झाले, पुस्तक व्हायचे आहे

जुनी मराठी पुस्तके संगणकावर मिळत नाहीत, ही तक्रार आता फारशी खरी राहिलेली नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथसंजीवनी, राज्य मराठी विकास संस्थेने खुली केलेली दुर्मीळ पुस्तके, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या काळात स्कॅन होऊन पुढे इंटरनेट आर्काइव्हवर पोचलेला प्रचंड साठा, हे सगळे जमेस धरले तर शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक घरबसल्या पाहायला मिळण्याची शक्यता बरीच आहे. पण पाहायलाच. त्यातला एखादा शब्द शोधायचा, उतारा उचलून लेखात घ्यायचा, अक्षर मोठे करून आजीच्या हातात द्यायचे किंवा डोळ्यांनी अधू असलेल्याला फोनवरून ऐकवायचे म्हटले की अडते. समोर असते ते पानाचे छायाचित्र. संगणकाच्या लेखी त्यात एकही अक्षर नसते.

मजकूर करण्याचे काम मराठीत झालेच नाही असे मुळीच नाही. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतात. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने मजकुराच्या रूपात आणला. लिहिण्याचे काम करणाऱ्यांना हे रोज उपयोगी पडते. मात्र ही कोशांची कामे, आणि संस्थांनी केलेली. कादंबऱ्या, आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, शेतीची नि घरगुती औषधांची पुस्तके, बंद पडलेली मासिके यांच्यासाठी अशी संस्था उभी राहील म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. हे काम घरोघरी, एकेका पुस्तकाने व्हायचे आहे आणि त्याची साधने आज बहुतेकांच्या घरात आहेत. ती कुठवर पोचली आहेत ते इथे पाहू. पण मला मुख्यतः सांगायचे आहे ते असे, की यंत्र जसजसे हुशार होत गेले तसतशा त्याच्या चुका दिसेनाशा झाल्या. जुन्या मराठीला आज खरा धोका या न दिसणाऱ्या चुकांचा आहे.

आधी कायद्याचे उरकून घेऊ. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. ही मुदत आधी ५० वर्षांची होती, ती १९९२ मध्ये वाढवली गेली. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून करायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ च्या १ जानेवारीपासून मुक्त झाले. मर्ढेकर १९५६ त गेले, त्यांचे २०१७ पासून. मरणोत्तर प्रथमच छापल्या गेलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून धरतात. गफलत होते ती नव्या आवृत्त्यांत. मूळ मजकूर मुक्त असला तरी नंतर कोणी जोडलेली प्रस्तावना, टिपा, चित्रे यांचे हक्क वेगळे असतात, आणि भाषांतराचा हक्क भाषांतरकाराच्या मृत्यूपासून मोजावा लागतो. म्हणून जमेल तितकी जुनी प्रत घ्यावी. पाठ पाहायलाही तीच बरी.

पानांचे छायाचित्रण आता सोपे झाले आहे, तरी पुढच्या निम्म्या चुका इथेच पेरल्या जातात. पुस्तकाची शिलाई उसवून सुटी पाने स्कॅनरमधून काढणे सोयीचे असते, पण दुसरी प्रत कुठे आहे हे ठाऊक नसताना तो मार्ग मला मान्य नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. त्याच्या आधीचा चिंध्यांचा कागद पुष्कळदा अधिक धडधाकट निघतो. दोन्हींना पालथे घालून दाबणे सोसत नाही. पुस्तक शंभर-एकशेदहा अंशांत उघडे राहील असा आधार दोन्ही बाजूंनी द्यावा, एका बाजूच्या पानावर स्वच्छ काच ठेवावी आणि फोन स्टँडवर पानाला समांतर बसवावा. उजेड दोन्ही कुशींनी तिरका यावा, म्हणजे काचेवर दिव्याचे बिंब पडत नाही. आधी सगळी उजवी पाने काढावीत, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. मागच्या पानाची शाई पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवावा. या साध्या उपायाने अर्धी पुसट पुस्तके वाचनीय होतात.

फोनवरची स्कॅनची ॲप पान ‘साफ’ करून देतात, म्हणजे प्रत्येक ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा ठरवतात. पान दिसायला सुरेख होते, पण त्या निवाड्यात फिकट छपाईचा अनुस्वार पांढऱ्यात जातो आणि कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची कितीतरी पाने अशी निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आहेत, आणि त्यांवरून मजकूर करताना एखादे टिंब मुळात होते की नव्हते हे कशानेच ठरवता येत नाही. म्हणून मूळ प्रतिमा रंगीत किंवा करड्या छटांत, तीनशे डीपीआयच्या खाली न जाता, जशी आली तशी जपून ठेवावी. पाने सरळ करणे, समास कापणे, दुपानी चित्राची दोन पाने करणे ही कामे स्कॅन टेलरसारखी मोफत प्रणाली मूळ प्रतिमेच्या प्रतीवर करते.

यानंतर ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे यंत्राने ओळखून मजकूर करणे. टेसरॅक्ट ही यातली सर्वांत परिचित मुक्त प्रणाली. तिचा जन्म ह्यूलेट पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात झाला, २००५ मध्ये ती खुली झाली, पुढच्या वर्षापासून गूगलने तिचा भार उचलला आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती एकेक अक्षर तोडण्याऐवजी अख्खी ओळ वाचू लागली. देवनागरीला हा बदल फार मानवला. शिरोरेषेने बांधलेली, वर मात्रा नि खाली उकार घेतलेली, जोडाक्षरांत एकमेकांत शिरलेली अक्षरे सुटी करणे हेच पूर्वी दुर्घट होते. मधल्या काळात सीडॅकने चित्रांकन नावाची भारतीय लिप्यांसाठीची प्रणाली केली होती. आज घरी काम करणारे बहुतेक लोक गूगल ड्राइव्हवर पानाचे चित्र चढवून ते डॉक्समध्ये उघडतात, किंवा विकिस्रोत या मुक्त ग्रंथसंग्रहावरचे ओसीआरचे बटण दाबतात. स्वच्छ छपाईच्या पानाला दोन्हींचा निकाल चांगला येतो.

‘चांगला’ म्हणजे किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. पानावर दीडेक हजार अक्षरचिन्हे धरली आणि यंत्र शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर वाचते असे मानले, तरी पानाला ३० चुका होतात. दोनशे पानांच्या पुस्तकात ६,०००. त्या सर्वत्र सारख्या पसरलेल्याही नसतात. तळटिपा, श्लोक, तक्ते आणि शिलाईकडच्या समासात वळलेल्या ओळींच्या टोकांशी त्यांची गर्दी असते.

चुकांच्या जाती मात्र ठरलेल्या आहेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, थ आणि य. जुन्या खिळ्यांत ख हा र आणि व शेजारी ठेवल्यासारखा असे, दोघांचे पाय खाली जोडलेले नसत. त्यामुळे ‘खाना झाला’ हे यंत्र बेधडक ‘रवाना झाला’ असे वाचते, आणि वाक्य तसेही शुद्ध असल्याने शब्दतपासणीला त्यात खटकण्यासारखे काही सापडत नाही. ‘घर’चे ‘धर’, ‘भार’चे ‘मार’, ‘वळ’चे ‘बळ’ याच वाटेने होते. निर्णयसागरच्या पुस्तकांवर हे प्रमाण बरेच कमी असते. जावजी दादाजींच्या त्या छापखान्याचे ठसे राणोजी रावजी आरू यांनी कोरले होते, आणि ते किती रेखीव होते याची साक्ष आज यंत्रेही देतात. लहान गावच्या छापखान्यात झिजलेल्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक याच्या अगदी उलट. तिथे मात्रा अर्धी तुटलेली, रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला, वेलांटी शाईने भरलेली.

या चुका त्रासदायक खऱ्या, पण प्रामाणिक असतात. अक्षर वाचता आले नाही की यंत्र काहीतरी निरर्थक लिहायचे आणि आपला डोळा तिथे अडायचा. गेल्या काही वर्षांत आलेली मोठी भाषाप्रतिमाने (लँग्वेज मॉडेल) पानाचे चित्र बघून मजकूर देतात तेव्हा तसे होत नाही. त्यांचा मजकूर सुबक असतो. वाक्य पुरे होते, विरामचिन्हे जागच्या जागी येतात, फाटलेल्या कोपऱ्यातला गेलेला शब्दही भरून येतो. तो शब्द पानावर कधी नव्हताच, हे मूळ पान शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

जुन्या मराठीवर याचा काय परिणाम होतो ते एका साध्या वाक्यावर पाहू. छापील पानावर समजा आहे, ‘त्यानें तें पत्र फाडून टाकिलें’. यंत्राकडून येते, ‘त्याने ते पत्र फाडून टाकले’. आजच्या वाचकाला दुसरे वाक्य अधिक बरोबर वाटेल. पण चार जागा बदलल्या: तीन अनुस्वार गेले आणि ‘टाकिलें’ हे त्या काळचे रूप गेले. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तीने आलेले, पण उच्चारात नसलेले अनुस्वार वगळले. त्या नियमांच्या आधीच्या दीडशे वर्षांची छापील मराठी या अनुस्वारांनी भरलेली आहे. ही टिंबे सजावटीसाठी नव्हती. ‘ते गेले’ म्हणजे ते पुरुष गेले, आणि ‘तें गेलें’ म्हणजे ते मूल, ते जहाज, ते नपुंसकलिंगी काहीतरी एकटे गेले. टिंब उडाले की दोन्ही वाक्ये एक होतात. उलटा गोंधळही होतो. जुन्या लेखनात ‘घरांत’ हे एकवचनही असे. आज आपण ते अनेकवचन समजतो. यंत्राला शिकवलेला मजकूर बहुतेक आजचा असल्यामुळे टेसरॅक्टही इकडेच झुकते, आणि भाषाप्रतिमाने तर ‘जसेच्या तसे द्या’ असे बजावले तरी काही ओळींनंतर पुन्हा आजच्या वळणावर येतात.

हीच गत अ-च्या बाराखडीची. सावरकरांच्या लिपिसुधारणेच्या चळवळीतून आलेली ‘अि, अी, अु, अू, अे’ ही रूपे त्यांच्या पुस्तकांत आणि किर्लोस्कर मासिकात सर्रास छापली गेली. यंत्र त्यांचे निमूटपणे इ, ई, उ, ऊ, ए करून टाकते. मराठी लिपीच्या इतिहासातला एवढा मोठा प्रयोग मजकुरातून नाहीसा होतो आणि पुस्तक उतरवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, की वाचकाला जुनी टिंबे नकोच असतात, आजच्या लेखनात पुस्तक दिले तर अधिक लोक वाचतील. म्हणणे बरोबर आहे, आणि तशी आवृत्तीही काढावी. पण ती दुसरी पायरी झाली. जसाच्या तसा मजकूर एकदा हाती असला की त्यावरून आजचे लेखन तासाभरात करता येते. आजच्या लेखनावरून जुने कोणालाच परत मिळवता येणार नाही. आणि उतरवलेला मजकूर कधी कधी मूळ पुस्तकाच्या नंतरही उरतो. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती निघाली ती लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून. त्या नकला करणाऱ्यांनी आपापल्या काळाच्या सोयीने भाषा किती बदलली, हे ताडून पाहायला मूळ छापील पान नाही.

तेव्हा घरी काम करणाऱ्याने आपला वेळ मुख्यतः कशात घालावा, याचे माझे उत्तर मुद्रितशोधन हे आहे. स्कॅन नि ओसीआर मिळून जितका वेळ लागेल त्याच्या कितीतरी पट वेळ इथे जाणार, हे धरूनच पुस्तक हाती घ्यावे.

छापखान्यांत पूर्वी एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचे आणि दुसरा प्रूफ बघे. आज फोन मराठी वाचून दाखवतो. त्याला उतरवलेला मजकूर वाचायला लावावे आणि आपण नजर मूळ पानावर ठेवावी. ‘रवाना’ आणि ‘खाना’, ‘धर’ आणि ‘घर’ कानाला तत्काळ टोचतात. डोळा वाचताना आपोआप दुरुस्त करून घेतो, कान तसे करत नाही. पण मराठीत कानाची मर्यादा आहे. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी बोलताना आपण फारशी वेगळी करत नाही आणि ही जुनी टिंबे तर उच्चारातच नाहीत. तेव्हा दुसरी फेरी निव्वळ डोळ्यांची करावी: पडद्यावर पानाच्या चित्राची एक ओळ, तिच्या खाली आपली ओळ, आणि अर्थ न वाचता फक्त वेलांट्या, उकार, टिंबे पाहत जायचे. हे कंटाळवाणे आहे. एका बैठकीत पाचसहा पानांच्या पुढे डोळा सैल पडतो, मग थांबावे.

तिसरे साधन यंत्राचेच आहे. पुस्तकातल्या सगळ्या शब्दांची यादी करून कोणता शब्द किती वेळा आला ते काढावे. ‘कांहीं’ शेकडो वेळा आणि ‘काहीं’ दोनदाच असेल तर ती दोन पाने उघडून बघावीत. एकदाच आलेल्या शब्दांत चुका सर्वाधिक दडलेल्या असतात. बाजारात मिळणारी शब्दतपासणी इथे उपयोगाची नाही, कारण ती १९६२ पूर्वीच्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघ ओढेल.

मूळ छपाईतल्या चुकांचे काय? जुन्या पुस्तकांना बहुधा शुद्धिपत्र जोडलेले असते, शेवटी किंवा सुरुवातीलाच. ते सर्वांत आधी वाचून त्यातल्या दुरुस्त्या कराव्यात आणि तशी नोंद ठेवावी. त्यात नसलेली चूक उघड असली तरी मजकुरात तशीच ठेवून टिपेत दुरुस्ती द्यावी. आणि पुस्तकाचा कोणताही भाग फालतू समजून गाळू नये. मलपृष्ठावरच्या जाहिराती, किंमत, टपालखर्च, छापखान्याचा पत्ता, एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत असते ती आश्रयदात्यांची यादी, हे सगळे उतरवावे. कोणत्या गावच्या कोणत्या मामलेदाराने आणि कोणत्या शाळामास्तराने पुस्तकासाठी आगाऊ पैसे भरले, हे सांगणारा कागद पुष्कळदा तेवढाच असतो.

युनिकोडचे एक बारीक प्रकरण इथे सांगायला हवे, कारण त्याने चांगल्या मजकुराचा शोध फसतो. ‘दुसऱ्या’मधला चंद्राकृती र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे वेगळे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲ’सुद्धा एक अक्षर म्हणून लिहिता येते किंवा अ, अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र असे मिळून. दिसायला दोन्ही तेच, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द. एका तऱ्हेने टाकलेला शोध दुसऱ्या तऱ्हेचे शब्द वगळून पुढे जातो. सुरुवातीलाच एक तऱ्हा ठरवावी आणि शेवटी सगळ्या फायलीवर एकदा शोधा-बदला फिरवून घ्यावे.

तयार मजकूर कुठे ठेवायचा? साध्या यूटीएफ-८ फायलीत, आणि शक्य तितक्या ठिकाणी. माझी पसंती मराठी विकिस्रोताला आहे, कारण तिथे पान आणि मजकूर शेजारी शेजारी राहतात. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासले की हिरवे. आपणच पिवळे केलेले पान आपल्याला हिरवे करता येत नाही. इंग्रजीत हीच रीत २००० साली सुरू झालेल्या डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स या स्वयंसेवकांच्या गटाने रुळवली आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गला हजारो पुस्तके दिली. पुस्तक वाचनासाठी ई-पबमध्ये हवे असेल तर तेही करावे. पण प्रतिमांपासून तोडून नुसता मजकूर फिरू दिला की त्यातले टिंब कोणाचे, लेखकाचे की यंत्राचे, हे पुढच्याला तपासता येत नाही.

शिळाप्रेसची पुस्तके यातून वेगळी काढावी लागतात. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले ते शिळेवर, आणि त्यानंतर कित्येक दशके पोथ्या, आरत्या, बखरी, शाळेची पुस्तके अशीच छापली जात राहिली. ती छपाई म्हणजे कोणाचे तरी वळणदार हस्ताक्षर. शब्दांत जागा नसते, ओळ समासावर चढलेली असते आणि ओसीआर जवळजवळ निकामी ठरते. अशा पुस्तकांसाठी सरळ टंकन करावे. चुका दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होते. बोलून लिहून घेण्याची सोय मोहात पाडते खरी, पण ती प्रत्येक शब्द आजच्या लेखनात टाकते, म्हणून या कामाला ती बाद.

राहिला निवडीचा प्रश्न. नामवंतांच्या कादंबऱ्यांकडे लोक आपणहून वळतात. संस्थानांची क्रमिक पुस्तके, तालुक्याच्या गावी छापलेली शेतीची नि रोगोपचारांची माहिती, ज्ञातीची आणि स्त्रियांची मासिके, कीर्तनकारांच्या आख्यानांच्या वह्यांवरून छापलेली चोपडी यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि प्रती संपताहेत त्या यांच्याच. घरात असे काही असेल तर आधी विकिस्रोत आणि आर्काइव्ह शोधावे, मग शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडावी. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ ची पुस्तके विषयवार लावलेली आहेत. सूचीत नोंद असून स्कॅन कुठेच सापडत नसेल, तर ते पुस्तक आधी घ्यावे. सूचीतही नसेल, तर त्याच आठवड्यात.